बाबांच्या वाफ्यातली हरळी

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीमागे मोकळी जागा होती. तिचे तुकडे पाडून भाजीपाल्यासाठी घरोघरी वाटून दिले होते. आमच्या तुकड्यात बाबा मेथी, वांगी, मिरच्या लावायचे. त्यांना अर्धांगवायू झाला आणि वर्षभरात तिथं कंबरेएवढं गाजरगवत माजलं. खाली सगळी हरळी.

बाबांचा उजवा हात गेला, वाचा गेली. तोंड एका बाजूला ओढलं गेल्यामुळे ते कायम हसल्यासारखे दिसायचे. मला ते बघवत नसे. भेटायला येणारी माणसं मात्र "किती आनंदी आहेत बघा" म्हणायची आणि माझं डोकं फिरायचं.

चैत्रात मी जागा साफ करायला घेतली. अंगाला खाज सुटली तरी चरफडत गाजरगवत उपटून संपवलं. हरळी मात्र चिवट. बाबांना कडेला खुर्चीत बसवलेलं असायचं. मी कुदळ वरवर मारली की ते डावा हात खाली दाबायचे, म्हणजे अजून खोल. मूळ तुटलं की बोट नाचवायचे, म्हणजे राहिलेला तुकडा शोध. हरळीचं कांडं मातीत राहिलं की तिथूनच नवी फुटते, म्हणून ती अख्खी खणून, झटकून उन्हात वाळवायची, ही त्यांच्या गावाकडची रीत. कितीतरी महिन्यांनी बाबा काही सांगत होते आणि ते कोणाला तरी कळत होतं. मग घरीसुद्धा चहा हवा, पंखा नको, असं ते त्या हाताने सांगू लागले. आपले बाबा आपल्याला परत मिळतायत, असं वाटून मी हरखून गेले होते.

पण रोज जेमतेम हातभर जागा मोकळी व्हायची. शेंद्र्याला कारखान्यात नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला दम निघेना. "ताई, असं करत बसलीस तर दिवाळी यील," म्हणाला, आणि रविवारी ओळखीच्या माणसाचा पॉवर टिलर घेऊन आला.

यंत्र सुरू झालं तसा बाबांचा हात उठला आणि जोरजोरात हलायला लागला. पाती हरळीचे बारीक तुकडे करून सगळ्या वाफ्यात पेरत होती.

"बंद कर! बाबा नको म्हणतायत," मी ओरडले.

"अगं, हसायलेत ते! खूश झालेत," भाऊ म्हणाला. आईनेही मान डोलावली. शेजारच्या वाफ्यातल्या चाची तेवढ्या म्हणाल्या, "अरे बेटा, रुक ना. साहब कुछ बोल रै." मी धावत जाऊन भावाचा दंड धरला, तो त्याने झटकला. तासाभरात जागा लख्ख झाली. आईने लेकाची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली.

बाबांचा हात तोवर मांडीवर पडला होता.

पाणी दिलं तशी चहूकडून हरळी वर आली, आधीपेक्षा दाट. भाऊ वरमला, फवारायला औषध आणतो म्हणाला. मला हरळीचं काही वाटेना, ती पुन्हा खणता आली असती. मी बाबांना तिथं नेलं आणि मुद्दाम कुदळ वरवर मारली. त्यांचा हात हलला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर मूळ तोडून टाकलं, तरी नाही.

"बाबा, चुकायलंय ना माझं? सांगा की," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून घेतले.