दिसतील तेवढ्याच ओळी

ऑफिसात त्याला सगळे सुसाट म्हणायचे. माणूस चालायला मंद, बोलायला त्याहून मंद. पण त्याने बनवलेली पानं कॉम्प्युटरवर वाऱ्यासारखी पळायची, म्हणून हे नाव. नेत्रपेढीच्या वरच्या मजल्यावर, घरघरणाऱ्या एसीखाली त्याचं टेबल होतं. दान आलेला डोळा कुणाला बसवायचा, त्याची प्रतीक्षायादी त्याच्या ताब्यात. लाखो ओळींची यादी.

एके काळी ती ब्राउझरमध्ये उघडणं म्हणजे शिक्षाच होती. सगळ्या ओळी एकदम यायच्या, पान गोठायचं आणि तळमजल्यावर नोंदणीच्या खिडकीतल्या बाई कपाळाला हात लावून बसायच्या. शेवटी साहेबांनी सुसाटला बोलावलं. "काय वाटेल ते कर, पण बोट लावलं की पळालं पाहिजे."

उपाय त्याला सुचला नाही, आठवला. त्याचा थोरला भाऊ, दादा, नाटकांचे पडदे रंगवायचा. काय हात होता त्या माणसाचा! साध्या कापडावर असा राजमहाल उभा करायचा की नट यायच्या आधीच पडद्याला टाळी पडायची. लहानपणी सुसाट त्या महालाच्या मागे गेला, तर तिथे नुसत्या काठ्या, सुतळ्या आणि खिळे.

"दादा, मागची बाजू रंगवायची राहिली की!"

"अरे येड्या, मागे कोण बघतंय? खुर्चीतून दिसतं तेवढंच रंगवायचं. पुढच्या प्रवेशाला पुढचा पडदा."

सुसाटने तेच केलं. स्क्रीनवर मावतील तेवढ्याच ओळी पानात ठेवल्या. यादी वर सरकवली की वरच्या ओळी पुसायच्या आणि खालून नव्या आणून मांडायच्या. बघणाऱ्याला वाटावं की सगळं समोर आहे, प्रत्यक्षात असायच्या मूठभर ओळी. पहिल्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर यादी पळवून दाखवली. टाळ्या झाल्या. सुसाटच्या वाट्याला आयुष्यात तेवढ्याच टाळ्या आल्या.

नाव शोधायला त्याने वेगळी चौकट केली होती. पान देखणं दिसावं म्हणून ती एका इवल्याशा भिंगाच्या चित्रामागे लपवली. तशी सूचना सगळ्यांना मेलवर गेली. खिडकीतल्या बाईंना मेलच नव्हता.

बाई जुन्या सवयीने कंट्रोल-एफ दाबून ब्राउझरचाच शोध उघडायच्या आणि नाव टाकायच्या. तो शोध पानात मांडलेल्या मूठभर ओळीच चाळायचा आणि सांगायचा, नाही. बाईंनी आपल्या मनाशी ठरवून टाकलं की नव्या यंत्रणेत जुनी नावं आलेलीच नाहीत. येईल त्याची त्या नव्याने नोंद करू लागल्या, आणि नवी नोंद यादीच्या तळाशी जाऊ लागली. वर साहेब खूश. "बघा, नोंदी कशा वाढल्यात!"

दादाच्या एका डोळ्याचा दिवा कधीच विझला होता. दुसऱ्याच्या बुबुळावर साय धरत होती. यादीत तो फार वर आला होता. एखाद-दुसरं दान आलं की त्याचाच नंबर. मधूनमधून खिडकीवर येऊन हजेरी लावायची, नाहीतर नाव कटतं, असा नियम. तो वहिनीचा खांदा धरून गेला.

"नाव नाही तुमचं," बाई म्हणाल्या.

"असं कसं? आमचा धाकटा वरच आहे कामाला," वहिनी म्हणाली.

दादाने तिचा हात दाबला. "त्याचं नाव काढू नकोस. लोक म्हणतील, भावाच्या वशिल्याने डोळा मिळवला. बाई, नव्याने लिहा."

बाईंनी लिहिलं. जुनी ओळ हजेरीविना कटली.

पुढे एका रविवारी सुसाट दादाकडे जेवायला गेला, तेव्हा नाव नव्याने लिहावं लागल्याचं वहिनीच्या तोंडून सहज निघून गेलं. घास त्याच्या हातातच राहिला. सोमवारी तो तळमजल्यावर गेला आणि बाईंच्या मागे उभा राहिला. बाईंनी नाव टाकलं. ब्राउझर म्हणाला, नाही. इतक्या दिवसांत खिडकीच्या या बाजूला तो पहिल्यांदाच आला होता.

तो तसाच साहेबांकडे गेला. "चूक माझी आहे, साहेब. कटलेली सगळी नावं परत जागेवर घालू द्या."

"सगळी? मधल्या काळात जे डोळे बसवले, ते काय परत काढायचे? उद्या बाहेर बोभाटा झाला तर?"

"पण माझा भाऊ..."

"तुझ्या एकट्याच्या भावाला वर चढवलं तर त्याला काय म्हणतात, ठाऊक आहे ना? जा. ते भिंग मोठं कर आणि गप बस."

त्याने भिंग मोठं केलं. बाईंची बदली झाली. कुणाच्या तरी माथी खापर फोडायलाच हवं होतं. यादी पळवल्याबद्दल मिळालेलं शाबासकीचं पत्र त्याच्या टेबलावरून कुणी काढलं नाही. त्यानेही नाही.

संध्याकाळी तो दादाकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. वहिनी उठून आत गेली. दादा हसला, पण त्या हसण्याला ओल नव्हती.

"म्हणजे माझंच शिकवणं म्हण की. फक्त एक सांगायचं राहिलं. पडद्यामागे माणसं उभी असतात रे. आपल्या प्रवेशाची वाट बघत."

दादाने त्याच्या खांद्यावरची पिशवी चाचपली.

"तो तुझा लॅपटॉप आणलायस ना? उघड. मी कुठे आहे ते दाखव."

"दादा, तुला दिसणार नाही."

"तू बघ. मी तुझ्या बोटाचा आवाज ऐकतो."

वर मोठं भिंग होतं. नाव टाकलं असतं तर ओळ लगेच समोर आली असती. त्याने टाकलं नाही. पहिल्या ओळीपासून तो यादी खाली सरकवू लागला. नावं येत होती, जात होती. पान एकदाही अडखळलं नाही. काम चोख झालं होतं.

"आलो का?" दादाने विचारलं.

"अजून नाही."

"सरकव."