मिनिटे : शून्य

मला राग येतो तो आधी जावईसाहेबांचा आणि मग माझा स्वतःचा. मिनिटमावशीचा मात्र कधीच आला नाही, जरी तिने इतक्या वर्षांत माझी शंभरदा तरी खरडपट्टी काढली असेल.

आमच्या कारखान्यात दातांच्या डॉक्टरांसाठी स्क्रू बनतात. वाकडे दात तारेने ओढायचे तर तारेला घट्ट आधार लागतो. तो आधार म्हणजे हा स्क्रू, तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा, थेट जबड्याच्या हाडात बसवलेला. काम होईपर्यंत महिनोन्महिने तो हलता कामा नये. म्हणून गुळगुळीत स्क्रू आधी वाळूच्या फवाऱ्याखाली जायचा, मग मावशीच्या आम्लात. बाहेर यायचा तो मळकट, खरखरीत. तसल्या अंगावर हाडाला नीट पकड घेता येते.

आम्लात किती वेळ ठेवायचं हे मावशी बघायची. भिंतीवर घड्याळ होतं, तरी तोंडाने मोजायची, "चार झाली... पाच झाली." मध्ये कोणी हाक मारली तर म्हणायची, "थांब गं, माझी पोरं पाण्यात आहेत." तिची मुलगी सांगायची, आई घरी अंडी उकडतानाही कुणाला बोलू देत नाही. नवरा गेल्यावर या मिनिटांवरच तिने त्या मुलीला वाढवलं. एकतीस वर्षं. डाव्या मनगटावर आम्लाचा डाग, आणि टेबलावर एक जाडजूड वही : तारीख, लॉट, मिनिटे, तिची सही. शेजारी रोज संध्याकाळी साहेबांची, म्हणजे तेव्हा मालकांची, सही.

मालक अंथरुणाला खिळले आणि विक्री बघणारे त्यांचे जावई साहेब झाले. पहिल्याच फेरीत त्यांनी एक स्क्रू चिमटीत धरला.

"हा तर वापरलेला वाटतो. गिऱ्हाइकाला चकचकीत माल लागतो. आम्ल बंद, पॉलिश सुरू."

"तोंडात चमक कोण बघणार, साहेब?" मावशी म्हणाली. "गुळगुळीत अंगाला हाड धरत नाही."

साहेबांनी सगळ्यांसमोर परीक्षा घेतली. हाडासारख्या ठोकळ्यात एक मळकट आणि एक चकचकीत स्क्रू बसवला, मग उलटा फिरवायला किती जोर लागतो ते मीटरवर मोजलं. आकडे जवळजवळ सारखे.

"झालं समाधान?"

"आज सारखेच येणार. आज तो नुसता आट्यांवर उभा आहे. जिवंत हाड त्याला धरायला काही आठवडे घेतं. तुमच्या ठोकळ्यात काय वाढणार?"

"मग रोज पाणी घालत जा ठोकळ्याला," साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले. मला नोकरी टिकवायची होती, एवढंच. सांगायलाही लाज वाटते.

डब्यांवर लेबलं लावायचं काम माझं. 'आम्लप्रक्रिया केलेला' अशी जुनी लेबलं ढीगभर उरली होती. साहेब म्हणाले, तीच संपवा. मी मुकाट्याने चिकटवत राहिले. तिकडे आम्लाची टाकी कोरडी ठणठणीत, तरी मावशी रोज वेळेवर यायची, एप्रन चढवायची आणि वहीत काहीतरी लिहायची. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं आम्ही आपापसात बोलायचो.

चार महिन्यांनी एक दातांची डॉक्टर तणतणत आली. तिने डबी साहेबांच्या टेबलावर उपडी केली. तेवीस स्क्रू, सगळे सैल होऊन निघालेले.

"एका मुलीला तीनदा बसवला," ती म्हणाली. "आता ती माझ्या खुर्चीत बसायलाच तयार नाही. तिच्या आईला मी काय सांगू?"

साहेबांनी मावशीला बोलावलं, आणि लेबलांचा हिशोब विचारायला मला.

"या बाईंचं वय झालंय," ते डॉक्टरला म्हणाले. "आम्लाची वेळ चुकली. आम्ही त्यांना काढतोय." कागद तयारच होता. वेळ माझ्याकडून चुकली, असा मजकूर, खाली मावशीच्या सहीसाठी जागा. एकतीस वर्षांत एक मिनिट न चुकलेल्या बाईने हे लिहून द्यायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मावशीने कागदाला हातही लावला नाही. बाहेर गेली आणि वही घेऊन आली. डॉक्टर एकेक पान उलटत गेली. तारीख, लॉट, मिनिटे : शून्य. तारीख, लॉट, मिनिटे : शून्य. चार महिने. आणि प्रत्येक ओळीशेजारी साहेबांनी न वाचता ठोकलेली झोकदार सही.

"मग ही लेबलं कोणी लावली?" डॉक्टरने विचारलं.

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

"मी," मी म्हणाले. "साहेबांनी सांगितलं म्हणून. पण टाकी कोरडी आहे हे मला माहीत होतं."

मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पेन काढलं, आजची तारीख घातली, पुढे शून्य लिहिलं आणि वही साहेबांसमोर सरकवली.

"आजची तेवढी वाचून करा," ती म्हणाली.