कुबड्यांनी मोजलेली वाट

शिंद्यांचं संस्थान विलीन झालं आणि माझ्या काकांची फौजेतली नोकरी गेली. नव्या सैन्यात घेण्याआधी डॉक्टरी तपासणी होती, त्यात त्यांचे डोळे नापास झाले. शिंदे की छावनीतल्या आमच्या घरी ते काही महिने नुसते बसून होते. मग काकूच्या हातचे साबूदाणावडे विकायला त्यांनी नया बाजारात एक गाळा घेतला. आत कढईपुरतीच जागा, म्हणून बाकडी बाहेर, फुटपाथवर. सरकारी कचेऱ्यांतले बाबू तिथे उन्हात बसून खायचे. काका तिथली फरशी सारखी धुवायचे, खरकटं पडू द्यायचे नाहीत. धंदा चालू लागला.

त्यांच्या पलटणीतला एक मित्र रोज यायचा. तोफेच्या गाड्याखाली त्याचा डावा पाय गेला होता, कुबड्यांवर चालायचा. आम्ही मुली त्याला फौजीमामा म्हणायचो. काका त्याला कढईतला पहिला वडा द्यायचे आणि दोघं जुन्या साहेबांच्या नकला करायचे.

मग नगरपालिकेत नवा अधिकारी आला. दुकानदारांनी कमवावं, पण लोकांना चालायला वाट हवी, असं त्याचं म्हणणं. म्हणणं रास्तच होतं. पाहणीला आला तेव्हा समोरून फौजीमामा येत होता. त्याच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ये आदमी निकल जाए तो बेंच रहेगी. अटक गया तो उठेगी."

तेव्हापासून प्रत्येक पाहणीत फौजीमामाला सगळा बाजार चालून दाखवावा लागे. पहिल्यांदा तो खूष होता. फौजेतला कोट घालून, बटणं घासून आला. आपल्याला काम मिळालं असं त्याला वाटलं. तो पुढे, अधिकारी मागे, त्यामागे शिपाई आणि हातगाडी. तो अडकला की तिथली बाकडी गाडीवर चढत. लोक तमाशा बघायला जमत. "लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट!" कुणी ओरडे, आणि दुसरा म्हणे, "अरे, लेफ्ट तो है ही नहीं!" ज्या हलवायाकडे तो वर्षानुवर्षं चहा प्यायला, तोही बाकडी उचलली जायला लागल्यापासून त्याला बघून दूध संपल्याचं सांगू लागला.

"तू साहेबाला नाही म्हण ना," काका त्याला म्हणाले.

"सरकारी हुकूम आहे. नाही कसं म्हणू?"

"मग माझ्या दुकानावरून जाताना कुबड्या अंगाशी धर. एवढं तरी कर."

कारण गिऱ्हाईक वाढलं तशी काकांचीही बाकडी पुढे सरकली होती.

त्या दिवशी मी काकूबरोबर दुकानात होते. पाहणी म्हणून काकांनी फरशी नुकतीच धुतली होती. फौजीमामा आला. सांगितल्याप्रमाणे त्यानं कुबड्या अंगाशी घेतल्या. ओल्या दगडावर एक कुबडी सटकली आणि तो दोन बाकड्यांच्या मध्ये कोसळला. कुणीतरी हसलं.

"अटक गया," अधिकारी म्हणाला.

शिपाई त्याला ओलांडून बाकडं उचलायला आले. काकांनी झेप घेतली, पण मित्राला धरायला नाही. त्यांनी बाकड्याचं दुसरं टोक धरलं. खाली तो पडलेला आणि वर ओढाताण.

"साहेब, अटका नहीं, फिसला है!" काका ओरडत होते. मग खाली वाकून, "अरे, सांग ना त्यांना! अडकला नाहीस म्हणून सांग!"

फौजीमामाचा चेहरा पांढरा पडला होता. तो पडल्या पडल्या म्हणाला, "जगह थी, साहब. गलती मेरी."

अधिकारी मान हलवून पुढच्या दुकानाकडे गेला. बाकडी राहिली. काकूनं आणि एका टांगेवाल्यानं त्याला उचललं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. तो पुन्हा उठला नाही. पुढच्या पाहणीला शिपायानं एक बांबू आणला आणि त्यानं वाट मोजली. बांबू कचेरीत आधीपासूनच होता म्हणे.

काकू रोज फौजीमामाला डबा पोचवायची. काका एकदाही गेले नाहीत. "दुकान कोण बघणार?" म्हणायचे.

आमच्या शहरातली राजधानी भोपाळला जायची ठरली, कचेऱ्यांचं सामान बांधलं जाऊ लागलं, त्या हिवाळ्यात फौजीमामा गेला. निरोप घ्यायला आलेल्या बाबूंची दुकानात रीघ होती. माझ्या वडिलांनी अंत्ययात्रा निघत असल्याचा निरोप पाठवला, तर काका म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा. उद्यापासून इथे कोण येणार आहे खायला?" ते स्मशानात पोचले तेव्हा चिता विझत आली होती. अंगाला तेलाचा वास.

दुसऱ्या दिवसापासून काकूनं साबूदाणा भिजवला नाही. काकांनीही का म्हणून विचारलं नाही.