पेशंट गाताना अडखळतो

सुई टोचायच्या आधी सिस्टर हटकून काहीतरी विचारायच्या. "तुह्या माहेरी म्हशी किती वं?" आपण मनातल्या मनात गोठ्यात जायचं, आणि "दोन" म्हणेपर्यंत त्या कापूस चोळत असायच्या. "झालं. जा आता." सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली, कळायचंच नाही. दुसऱ्या वेळी आपण सावध असायचो. तेव्हा त्या विचारायच्या, "अन् त्यातली मारकी कोनती?" आपण पुन्हा फसायचो.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. आमच्या गल्लीत सिस्टर होत्या. बोथ, जैनथ करत सरकारी दवाखान्यांत तीस-बत्तीस वर्षं काढून त्या आदिलाबादला घर बांधून राहिल्या होत्या. तेलुगू बायका त्यांना नर्सम्मा म्हणायच्या, आम्ही सिस्टर. नोकरी संपली तरी साडीला टाचलेलं घड्याळ काही संपलं नव्हतं. भाजीवालीशी भांडतानाही त्या घड्याळाकडे बघायच्या, जणू तिला किती मिनिटांत गुण येतो ते पाहायचंय.

मी विट्याकडची. आमच्याकडचे पुष्कळ लोक गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या, मुलूखभर पांगलेले. आमचे मालक आदिलाबादच्या सराफ्यात भट्टी लावून बसले होते. लग्न होऊन मी तिथं आले तेव्हा मला 'काऊन' म्हणजे 'का' हेसुद्धा माहीत नव्हतं. कोणी "काऊन आली?" म्हटलं की वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. शाळा सातवीत सुटलेली. दुकानातून काही आणायचं तरी घरून वाक्य घोकून जायची. सिस्टरांनी हे पहिल्या आठवड्यातच ओळखलं. ताप बघायला आल्या, हात धरला आणि म्हणाल्या, "हिले ताप नाई. हे भेऊन राह्यली."

त्या भीतीवर त्यांनी जे औषध काढलं ते म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर.

सिस्टरांचा मुलगा हैदराबादला नोकरीला. त्याने स्वतःसाठी नवीन कॉम्प्युटर घेतला आणि जुना आईकडे पाठवून दिला. आमच्या गल्लीत तेव्हा टीव्हीसुद्धा मोजकेच. कॉम्प्युटर आला त्या दिवशी लोक मयताला यावं तसे गंभीर चेहऱ्याने येऊन बघून गेले. सिस्टरांना त्यात ना पत्र लिहायचं होतं ना हिशेब. त्यांना गाणी ऐकायची होती. मुलाने एक वायर लावून दाखवली, की टेपवरची कॅसेट चालू करायची आणि गाणं कॉम्प्युटरात उतरतं. सिस्टरांनी आपल्या सगळ्या कॅसेटी एकेक करून उतरवल्या. सकाळी सातला त्यांची भजनं सुरू झाली की गल्लीला कळायचं, नळ आलेत.

सिस्टरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. म्हणून कामाची वाटणी त्यांनीच ठरवली. "डोकं माहं, बोट तुह्यं." माऊसवर माझा हात आणि मागे खुर्चीत त्या. मी बाण घेऊन जायची आणि थांबायची.

"दाब ना वं."

"बिघडलं तर?"

"बिघडलं तं बिघडलं. त्याले काय लेकरंबाळं हायेत? दाब!"

मी डोळे मिटून दाबायची. सिस्टर म्हणायच्या, "डोये उघड. डोये मिटून इंजेक्शन देल्लं असतं तं अर्धं जैनथ लंगडं झालं असतं."

त्यातच माझं एक गाणं होतं. गाणं कसलं, अर्ध्या तासाचा गोंधळ. लग्नानंतर चार वर्षं मी माहेरी गेले नव्हते. भट्टी बंद ठेवून मालकांना निघता येत नव्हतं, आणि नांदेडला बस बदलून एकटीनं जायची माझी छाती नव्हती. आमच्या गावचा एक गलाईवाला सुट्टीहून परत येताना आईनं त्याच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि एक कॅसेट पाठवली. भावानं तिला टेपसमोर बसवून ओव्या म्हणायला लावल्या होत्या. एक ओवी झाली की आई विचारायची, "आलं का रं त्यात?" मग दुसरी. मध्येच म्हैस हंबरायची आणि आई ओवी सोडून तिच्यावर ओरडायची. मग परत ओवी, जिथं सोडली होती तिथूनच.

मी ती कॅसेट इतक्या वेळा ऐकली की एक दिवस आमच्या टेपनं ती गिळली. फीत बाहेर काढली तर शेवया. पण त्याच्या आधीच सिस्टरांनी ती कॉम्प्युटरात उतरवून घेतली होती. त्यामुळे रोज दुपारी भांडी घासून झाली की मी त्यांच्याकडे जायची आणि आईला ऐकायची. मालक म्हणायचे, "तुझी आई राहते विट्याला की सिस्टरांच्या पेटीत?"

मग कॉम्प्युटर अडखळायला लागला. गाणं मध्येच एका अक्षरावर अडकायचं आणि तेच अक्षर गिरणीसारखं वाजत राहायचं. सिस्टरांनी मुलाला कळवलं. त्याने पोस्टाने एक सीडी पाठवली आणि पत्र: कॉम्प्युटर चालवणारी आतली 'पंच्याण्णव' आता जुनी झाली, ही 'अठ्ठ्याण्णव' टाक. जागा कमी पडेल, म्हणून आधी गाणी दुसरीकडे काढून ठेव, नंतर आतली पुसून टाक.

सिस्टरांनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि फर्मावलं, "बुधवारी ऑपरेशन. पेशंटले मंगळवार दुपारपासून काई द्यायचं नाई."

म्हणजे मंगळवारी दुपारपासून कॉम्प्युटर बंद. बुधवारी सकाळी मी गेले तर त्यांनी धुतलेलं पांढरं लुगडं नेसलेलं. चपला बाहेर काढायला लावल्या, हात साबणानं धुवायला लावले. स्पिरिटच्या बोळ्यानं त्यांनी की-बोर्ड पुसला. आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. दवाखान्यातला जुना संमतीचा फॉर्म होता. वर त्यांच्या गिचमिड अक्षरात लिहिलेलं: पेशंट, कॉम्प्युटर. वय, अंदाजे चार. तक्रार, गाताना अडखळतो. खाली छापलेलं: जिवाचे बरेवाईट झाल्यास दवाखाना जबाबदार नाही.

"सही कर."

"मी कशाला?"

"नातेवाईक कोन हाय त्याचं दुसरं? मले त् गाणी पाह्यजेत, बस. तुही माय हाय त्यात."

मी सही केली. सातवीच्या परीक्षेनंतर कोणी मला माझं पूर्ण नाव लिहायला लावलं नव्हतं.

आता गाणी काढायची. आमच्याकडे तीन फ्लॉप्या होत्या. पडद्यावर गाण्यांची चित्रं ओळीनं मांडलेली, प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक बारीकसा बाण. मी एकेक उचलून फ्लॉपीत टाकत गेले. बेचाळीस गाणी एका फ्लॉपीत बसली आणि तरी जागा उरली!

"पाह्य," सिस्टर म्हणाल्या, "आमचा बाबू म्हणे जागा पुरत नाई. मांडता येत नाई म्हून पुरत नाई. बाईच्या हातची पेटी अन् माणसाच्या हातची पेटी."

आम्हां दोघींना स्वतःचा फार अभिमान वाटला. फ्लॉपी मी पदरात गुंडाळून ठेवली. मग पत्रात लिहिलेला कप्पा उघडून आतली गाणी पुसली. केराचा डबा रिकामा करू का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. मी थांबले.

"दाब ना वं."

मी दाबलं. डोळे उघडे ठेवून.

मग सीडी आत गेली. निळ्या पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पायानं सरकायला लागली. सिस्टरांनी कॅबिनेटवर तळहात ठेवला आणि छातीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. "नाडी बराबर हाय." मध्येच पडदा काळा झाला. आवाज बंद. मी रडायलाच लागले.

"गेला, सिस्टर!"

"नाई गेला. भूल उतरून राह्यली. चूप बस, पेशंट घाबरते."

आणि खरोखरच थोड्या वेळानं तो उठला, नवीन सूर काढून. सिस्टरांनी टाळी वाजवली. खिडकीतून शेजारणीला ओरडून सांगितलं, "शुद्धीवर आला वं!" तिकडून तेलुगूत काहीतरी आलं, त्यात 'नर्सम्मा' आणि हसू एवढंच मला कळलं.

मी पदरातून फ्लॉपी काढली, घातली, आणि आईचं नाव दाबलं.

पडद्यावर एक बॅटरी उगवली. अंधारात हरवलेलं शोधावं तशी ती डावीकडून उजवीकडे फिरत राहिली. नंतर काहीतरी इंग्रजीत आलं. दुसरं गाणं दाबलं, पुन्हा बॅटरी. बेचाळीसच्या बेचाळीस. समोरच्या दुकानातून सिस्टरांनी हैदराबादला फोन लावला. परत आल्या त्या चष्मा पुसत.

"बाबू म्हणते ते गाणे नोयते. गाण्याकडे बोट दाखवणारे बाण होते नुस्ते." त्या खाली बसल्या. "आपण घराचा पत्ता जपून ठेवला, अन् घर पाडलं."

सिस्टरांच्या एक्केचाळीस गाण्यांच्या कॅसेटी कपाटात होत्या. आईची कॅसेट शेवया होऊन केव्हाच केरात गेली होती. आणि दाबलं होतं माझ्याच बोटानं. मी ते बोट दुसऱ्या हातात धरून बसले.

सिस्टर माझ्याकडे सरकल्या. मग त्यांनी अगदी त्यांच्या सुईच्या वेळच्या आवाजात विचारलं, "तुही माय हाय ना?"

"आहे की."

"चालते-फिरते?"

"शेतात जाते अजून."

"मंग ते फ्लॉपीत कायले पाह्यजे तुले?"

त्यांनी दवाखान्याचा दुसरा कागद ओढला, त्यावर खरडलं आणि घडी घालून दिला. "तुह्या मालकाले दे."

मालकांनी कागद भट्टीच्या उजेडात वाचला. 'माहेरची हवा. पंधरा दिवस. सकाळ, दुपार, संध्याकाळ. तातडीने सुरू करणे.' खाली सही. ते म्हणाले, "ऐन लग्नसराईत?" मग कागद पुन्हा वाचला. आमच्या मालकांना आम्लाची भीती नाही, आगीची नाही. सिस्टरांच्या सुईची आहे. शुक्रवारी ते मला नांदेडच्या बसमध्ये बसवून आले.

बस सुटायच्या आधी सिस्टर स्टँडवर आल्या होत्या. मी म्हटलं, "नांदेडला चुकीच्या गाडीत बसले तर?"

"तं उतरून दुसऱ्या गाडीत बस. दाब ना वं."

नांदेडला मी पाच जणांना विचारून सोलापूरच्या गाडीत बसले. आईनं दारात मला पाहिलं तेव्हा तिच्या हातात शेणाची पाटी होती. ती तशीच धरून ती म्हणाली, "अगं, एकटी? कोण मेलं का काय?" मी सगळी हकिगत सांगितली. ऑपरेशन, बाण, बॅटरी. तिला एवढंच कळलं की तिचा आवाज आदिलाबादला हरवला. भाऊ नवी कॅसेट घेऊन आला, पण आई टेपसमोर बसेना. "आता समोर हायस तर समोर ऐक की! मी काय मेलीय का डब्यात बोलायला?" पंधरा दिवस मी समोर ऐकलं. त्यानंतर मी दरवर्षी जायला लागले. एकटी. पुढे पुढे तर नांदेडच्या स्टँडवर लोक मलाच गाड्या विचारायचे.

सिस्टरांचे दोन्ही डोळे थकले तेव्हा मुलगा त्यांना हैदराबादला घेऊन गेला. जाताना मला म्हणाल्या, "पेशंटकडे लक्ष दे." कॉम्प्युटर मला देऊन गेल्या होत्या. त्या गेल्याची खबर आली ती त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. मुलगा घर विकायला आला, तेव्हा त्याने एक औषधाचं खोकं माझ्या हातात ठेवलं. त्यावर माझं नाव होतं. पूर्ण नाव, मी फॉर्मवर लिहिलं होतं तसं.

आत तो संमतीचा फॉर्म, आणि एक कॅसेट. कॅसेटवर जखमेला लावायची पांढरी पट्टी चिकटवलेली, तिच्यावर गिचमिड अक्षर. मंगळवारी दुपारी, पेशंट उपाशी असताना, त्यांनी तो गुपचूप चालू करून, वायर उलटी लावून ती भरून ठेवली असणार. एक सलाईन नेहमी जास्तीची ठेवायची त्यांची सवय होती. पट्टीवर लिहिलं होतं:

'मायच्या ओव्या. आधी माहेरी पाठवून पाहावे. गुण न आल्यास ही द्यावी.'

मी कॅसेट लावली. एक ओवी झाली, "आलं का रं त्यात?" झालं, आणि म्हैस हंबरली. मी नकळत म्हणाले, "दोन, सिस्टर." डावी मारकी होती, तेही सांगितलं.