दादाची काळी रेघ

आमच्या दादाला घरात मीठ कुठे ठेवलंय ते सांगता येणार नाही, पण प्रयोगशाळेच्या फ्रिजमधली हवी ती कुपी तो डोळे मिटून काढेल. हट्टी तर लहानपणापासूनच. त्याची सगळी हयात एका एन्झाइमच्या मागे गेली. पेशीत एखादं प्रोटीन मोडीत काढायचं झालं की त्याला तशी खूण चिकटते. हे एन्झाइम ती खूण काढून त्याला वाचवतं. ते पेशीत आहे की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. त्याला धरणारी अँटीबॉडी घालायची, मग फिल्मवर काळी रेघ उमटते. दादाची अँटीबॉडी सशाच्या रक्तातून काढलेली होती आणि तिच्यावर त्याचा बायकोपेक्षा जास्त विश्वास होता.

त्याच्या हाताखाली पीएचडी करणारी एक मुलगी होती. एन्झाइमचं जनुकच काढून टाकलेल्या पेशी तिने तपासल्या. तिथे रेघ यायलाच नको होती, तर तिथेही तशीच. तिने सरळ सांगितलं, ही रेघ दुसऱ्याच कशाची तरी आहे. दादा म्हणाला, तूच नमुन्यांची अदलाबदल केलीस. तिने पुन्हा करून दाखवलं, पुन्हा तेच. तेव्हा सगळ्यांसमोर तो तिला धांदरट म्हणाला, आणि मग प्रयोगशाळेत तिचं तेच नाव पडलं. पीएचडी अर्धवट टाकून ती निघून गेली. वहिनी त्याला खूप बोलली होती. त्याने या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं.

यंदा सशाची अँटीबॉडी संपत आली, म्हणून त्याने रिकॉम्बिनंट मागवली. हिचं जनुक ठाऊक असतं, ती पेशींकडून बनवून घेतात, त्यामुळे आजची कुपी आणि उद्याची कुपी सारखीच. शिरस्त्याप्रमाणे दादाने जुनी आणि नवी शेजारीशेजारी लावून पाहिली. त्यासाठी फ्रीझरच्या तळातून त्या मुलीने ठेवलेल्या, जनुक काढलेल्या पेशीच काढल्या. नवीची रेघ साध्या पेशींत आली, तिच्या पेशींत जागा कोरी. जुनीची मात्र दोन्हीकडे, ठसठशीत.

घरी येऊन तो जेवला नाही. मला म्हणाला, "माझ्याबरोबर चल. एकट्याने जायचा धीर होत नाही."

ती आता एका चष्म्याच्या दुकानात काम करते. दादाने काउंटरपाशी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, माफी मागितली. शोधनिबंध मागे घेतो म्हणाला, तू परत ये म्हणाला. मला त्याची कीवही येत होती आणि संतापही. तिने हातातली काच पुसून खाली ठेवली.

"सर, तुम्ही इतक्या ठामपणे म्हणालात, की मला ते खरंच वाटलं," ती म्हणाली. "माझ्या हातून नाजूक काम होत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. लेकीच्या हातून काही सांडलं तरी म्हणते, गेलीस ना माझ्यावर."

मागे गिऱ्हाईक थांबलं होतं, म्हणून आम्ही बाजूला झालो.