हरवली असं लिहा

उत्तनला आमच्या घराला वर एक खोली आहे. मुलगी लग्न होऊन वसईला गेली, तेव्हापासून ती मी पाहुण्यांना भाड्याने देऊ लागले. त्या हिवाळ्यात एक परदेशी बाई आली. साठीची, निवृत्त नर्स, एकटीच. सकाळी किनाऱ्यावर चालायची, दुपारी माझ्याबरोबर बोंबील साफ करायला बसायची.

चौथ्या दिवशी दहाच्या सुमारास ती धावतच घरी आली. कोपर सोललेलं. बाईकवरून आलेल्या दोघांनी तिची पर्स ओढून नेली होती. फोन, पासपोर्ट, सगळं त्यात. पण बाई खमकी. बाईकचा नंबर तिने वाळूत बोटाने लिहून पाठ केला होता आणि अजून पुटपुटत होती.

मी तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेले. कुठल्या, ते इथे लिहीत नाही. टेबलामागे एक हवालदार होता. वर्षानुवर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे मला इकडे सगळे टीचरच म्हणतात.

"टीचर, तिला सांगा, पर्स हरवली असं लिहा," तो म्हणाला.

"हरवली कशी? ओढून नेलीय. नंबर आहे तिच्याकडे."

"फॉरेनरची चोरी म्हणजे वरपर्यंत जातं. साहेबांना ताप, आम्हाला ताप. हरवल्याच्या दाखल्यावर पण पासपोर्ट मिळतो तिला." मग जरा थांबून, अगदी मायेने विचारल्यासारखं, "तुमच्याकडेच उतरलीय ना? सी-फॉर्म भरलाय?"

परदेशी पाहुणा ठेवला की चोवीस तासांत पोलिसांना कळवायचा तो फॉर्म. मी भरला नव्हता. उद्या भरू, परवा भरू, असं करत राहून गेला होता. गुन्हा होतो, केस होते, हे मी ऐकून होते. तो माझ्या तोंडाकडे बघून हसला.

बाईने विचारलं, "काय म्हणतायत हे?"

मी तिला इंग्रजीत सांगितलं, की इथली पद्धतच अशी आहे, आधी हरवल्याची नोंद करतात, तपास नंतर होतो. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. नंबर एका चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवला आणि सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली. आम्ही उठलो तेव्हा त्या चिठ्ठीवर हवालदाराने चहाचा ग्लास ठेवला होता.

बाई गेली. जाताना मला मिठी मारून आभार मानले. पुढच्या रविवारी हवालदार घरी आला, "फॉर्मचं काय झालं बघायला." ओट्यावर बसून इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि जाताना दोन मोठी पापलेटं घेऊन गेला. मी स्वतःच्या हाताने पिशवीत बांधून दिली. मग दर रविवारी येऊ लागला. तो गेल्यावर मी ओटा धुवायची, तरी किळस जायची नाही. त्याची तर येतच होती, माझी त्याहून जास्त.

यातलं मी गावात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सहीचंही सांगावं लागलं असतं.

महिन्याभरात शेजारच्या मावशीची चेन ओढली. सकाळी मासे विकायला निघाली होती, डोक्यावर टोपली. चेन तुटली, मावशी रस्त्यावर आपटली, खुबा मोडला. बघणाऱ्याने नंबर सांगितला. तोच.

मी तडक ठाण्यात गेले. "हा नंबर आम्ही तुम्हाला दिला होता!"

हवालदाराने कागद काढून माझ्यापुढे सरकवला. "कुठं लिहिलाय, दाखवा. हरवली लिहिलंय. साक्षीदार कोण? तुम्हीच."

घरी येऊन मी सगळं कागदावर लिहिलं, सी-फॉर्मसकट, पापलेटांसकट, आणि पोलिसांच्या वरच्या ऑफिसात नेऊन दिलं. त्यांनी पोच दिली, शिक्का मारला. बाईक आजतागायत सापडलेली नाही. हवालदार यायचा बंद झाला, एवढंच.

मावशी हॉस्पिटलातून आली, तेव्हा मी तिच्या खाटेशी बसून तिलाही सगळं सांगितलं.

"तू भ्याली, सही केली. ता मना समजतंय," ती म्हणाली. "पोलिसाला कोन भ्येत न्हाय? पन बाय, मना तरी सांगाचा व्हता, बाईकवाले फिरतान म्हणून. मी चेन घरान ठेवून गेली असती."

एवढं बोलून तिने भिंतीकडे तोंड केलं. मी वॉकर तिच्या हाताला लागेल असा जवळ ओढून ठेवला आणि घरी आले.