एका सुताचे मामा

बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत खऱ्या अर्थानं सरळ अशी एकच वस्तू आहे, आणि ती म्हणजे आमच्या हिच्या मामांच्या ओळंब्याची दोरी. हे मत खुद्द मामांचं. बाकी सगळं, म्हणजे घरं, देवळं, विजेचे खांब, पुढारी आणि भाचजावई, थोडंफार कललेलंच असतं. फक्त किती सूत कललंय ते मोजायचं राहिलेलं असतं. सूत म्हणजे गवंड्यांचं माप, इंचाचा आठवा हिस्सा. तुमच्याआमच्या डोळ्यांना तो दिसतसुद्धा नाही. मामांना तो रस्त्यापलीकडून दिसतो आणि दिवसभर टोचत राहतो.

मामांनी आयुष्यभर थापी धरली. मग गुडघ्यांनी संप केला आणि ते घरी बसले, म्हणजे मामी म्हणतात तसं 'दुसऱ्यांच्या घरी बसले'. इतर पुरुषांच्या खिशात तंबाखूची चंची असते, मामांच्या खिशात ओळंबा, भिंत सरळ आहे का ते बघायचं दोरीला बांधलेलं वजन. कुणाकडे चहाला गेले की कप हातात यायच्या आत दोरी चौकटीशी लोंबायला लागते. न्हाव्याकडे गेले तर दाढी संपल्यावर पैसे न देता आरशात बघत म्हणतात, "डावा कल्ला सूतभर खाली हाय." एकदा आम्ही एका ठिकाणी दुखवट्याला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि मामा उठून हार घातलेला फोटो सरळ करताहेत. वर घरच्यांना म्हणाले, "गेल्यावर तरी माणसाला सरळ ऱ्हाऊ द्या." मामींना या सगळ्याचं नवल वाटत नाही. त्या सांगतात, "मला बघाय आले तवा ह्यांनी माझं तोंड बघितलंच न्हाय. आमच्या भिताडाकडंच बघत व्हते. मी म्हनलं, नवरा चकणा हाय का काय!"

असा माणूस एका घरं बांधून देणाऱ्या संस्थेच्या हाती लागला, की संस्था मामांच्या हाती लागली, हे मला अजून उलगडलेलं नाही. ज्यांचं आयुष्य पत्र्याच्या आडोशाला चाललंय अशा कुटुंबांना ही संस्था पक्कं घर उभं करून देते. घरच्यांनी झेपेल तेवढा वाटा उचलायचा, अंगमेहनत करायची, आणि उरलेल्या कामाला माझ्यासारखी हौशी माणसं सुट्टीच्या दिवशी येतात. सांगवीला असं एक काम चालू होतं. मामा तिथं सहज म्हणून गेले, दोरी सोडली आणि अख्खा एक थर उतरवायला लावला. संस्थेच्या बाई वैतागून म्हणाल्या, "मामा, मग तुम्हीच का येत नाही रोज? पण आमच्याकडे पगार नसतो." मामा म्हणाले, "बरं हाय. पगार असता तर सुट्टी मागाया लागली असती."

त्या दिवसापासून मामा रोज जातात, आणि रविवारी मलाही नेतात. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. विटेचा आणि माझा संबंध आयुष्यात घराच्या भिंतीला पाठ टेकण्यापुरता. पहिल्याच दिवशी मी रचलेल्या थराकडे मामा बराच वेळ बघत राहिले. मी जावई, त्यामुळे शिवी देता येईना. शेवटी अदबीनं म्हणाले, "जावईबापू, थर लावलाय का चालता बैल मुतलाय?" पुण्याहून कंपनीतली मंडळी मदतीला येतात, डोक्यावर पिवळी टोपी, हातात नवेकोरे मोजे. त्यांच्यातल्या एका साहेबांनी लाल किरण सोडणारं यंत्र आणलं होतं. मामांनी ते कौतुकानं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि परत दिलं. म्हणाले, "झ्याक हाय. पर ह्येला सेल लागत्यात. माझ्या ओळंब्याला निस्ती धरती लागती, आन् ती फुकाट हाय."

सणसरच्या शेवंताबाईंचं घर चाललं होतं तेव्हाची गोष्ट. शेवंताबाईंच्या सासऱ्यांपर्यंत घरात मेंढरं होती. मेंढरं गेली, आता नवराबायको दोघं दुसऱ्यांच्या उसात राबायची आणि कडेच्या पत्र्याच्या शेडात राहायची. एकुलती एक लेक रेश्मा निमगाव केतकीला दिलेली, तिला पहिल्यांदाच दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. पण व्याह्यांनी निरोप धाडला होता, "पत्र्याच्या शेडात आमची सून आमी धाडणार न्हाय. तितं इचू निघत्यात." आणि ते खोटं नव्हतं, आदल्याच वर्षी शेवंताबाईंना विंचू चावला होता. रेश्मा फोनवर रडायची. शेवंताबाई दिवसभर विटा वाहायच्या आणि मामा दिसले की एकच विचारायच्या, "मामा, आठवा सरत आला. व्हतंय ना?" मामा म्हणायचे, "व्हतंय की."

आणि होत आलंही होतं. खांबांवर छत घालून झालं होतं, पुढची खोली झाली होती. मागची बाळंतिणीची खोली तेवढी राहिली होती. व्याही गुरुवारी स्वतः येऊन घर बघणार आणि मगच काय ते सांगणार, असं ठरलं. त्याआधीच्या रविवारी मामा जेवायला निघाले आणि जाताजाता मला म्हणाले, "जावईबापू, चौकटीपाशी सूत सोडा."

मी आज्ञाधारक माणूस. भिंत सरळ यावी म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत बांधलेलं होतं, ते मी सोडलं. नीट गुंडाळी करून खिशातसुद्धा ठेवलं. मग मी आणि पुण्याच्या साहेबांनी मिळून उत्साहानं ती भिंत चौकटीच्या डोक्यापर्यंत नेली. मामांना म्हणायचं होतं, चौकटीलगत सुताएवढी जागा सोडा!

परत आल्यावर मामांनी दोरी लावली. थापीच्या मुठीनं वरची वीट ढकलली, मग खालची, मग तिच्याखालची. शेवंताबाई पाण्याची घागर घेऊन येत होत्या, त्या होत्या तिथंच खाली बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "मामा, दोनचार सुतांनी काय होतंय? गुरुवार तोंडावर आलाय." मामा म्हणाले, "भिताड कललं की चौकट कलती. चौकट कलली की दार घासतंय. दार घासलं की लोक खालनं तासत्यात. तासलं की फट पडती, आन् फटीतनं काय येतं, ते ह्या बाईला इचारा."

मी खिशातली सुताची गुंडाळी काढून त्यांना दाखवली. मामांनी ओरडावं म्हणून मी वाट बघत होतो. ते पुढे आले आणि म्हणाले, "चूक माझ्या तोंडाची हाय. जल्मभर गवंड्यासंगं बोललो. बँकवाल्याला इंचात सांगाय पायजे व्हतं." तोवर शेवंताबाई उठल्या होत्या. पदर खोचून त्यांनी एकेक वीट उचलली आणि ओला माल खरवडून काढायला लागल्या. ते बघून शेजारच्या चार बायका आल्या, त्यांच्या मागोमाग त्यांचे नवरे. सोमवारी कामाला जायच्या आधी आणि आल्यावर, मंगळवारी तसंच. पुण्याच्या साहेबांनी रजा टाकली. मी तीन दिवस सूत धरून उभा होतो आणि मामांनी सांगितलं तरी ते सोडलं नसतं.

गुरुवारी व्याही आले. गिलावा अजून ओला होता, पण दार लागलं होतं. माणूस मोठा चिकित्सक. छताकडे बघितलं, जमिनीवर टाच आपटली, खिडकीचे गज हलवून पाहिले. मग मागच्या खोलीचं दार लावून घेतलं, खाली बसले आणि खिशातलं एसटीचं तिकीट काढून दार आणि उंबऱ्याच्या सांध्यात घालायला लागले. इकडून घालून बघितलं, तिकडून बघितलं. तिकीट काही जाईना. शेवंताबाई मान वाकवून त्या तिकिटाकडेच बघत होत्या. मामा मात्र लग्नात वरबाप उभा राहतो तसे हात मागे बांधून उभे. शेवटी व्याही गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि म्हणाले, "रविवारी आनून घालतो." शेवंताबाईंनी तोंडाला पदर लावला, आणि आम्ही बाहेर येऊन इतका आरडाओरडा केला की रस्त्यानं चाललेला उसाचा ट्रॅक्टर थांबला.

रेश्मा आल्यावर आठवड्यानं मी आणि मामा तिकडे गेलो. मामा आत गेले नाहीत, पायरीवर बसले. आतून रेश्माचा आवाज येत होता, "आये, ह्या पिठल्यात मीठच न्हाय! आन् ही गार भाकर मला नगं, तव्यावरची दे!" शेवंताबाई "व्हय गं, आनते गं" करत धावत होत्या. एवढा आनंदी नोकर मी कुठे पाहिला नाही.

मी हसून मामांकडे बघितलं. ते हसत नव्हते.

"आमची थोरली लेक," ते म्हणाले, "तिला न्हाय धाडलं बाळातपनाला तिच्या सासरच्यांनी. आमी तवा साईटवर, पत्र्याच्या खोलीत. त्यांनी समदं चांगलं केलं तिचं, न्हाय म्हनत न्हाय मी. पर सासरी गार भाकर नगं म्हनाय येतं व्हय पोरीला?"

आत रेश्मा पुन्हा कडाडली, या खेपेला ताकावरून. मामांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि दाराकडे न बघता हळूच म्हणाले, "वरड, बाई. वरड."